हेडमास्तरांचा हौद

९ फेब्रुवारी

ती. दादांना नमस्कार.

माझं अक्षर बघून काळजीत पडू नका. इकडे नवीन काही झालेलं नाही. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोललो की या दोन खोल्यांच्या घरात तुमच्या बहिणीला सगळं ऐकू जातं. म्हणून ग्रंथालयात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहितोय. बाइंडिंगच्या टेबलावर खळ सांडलेली आहे, कागद चिकटला तर समजून घ्या.

आमच्या तायडीला जाऊन आता पाच महिने होतील. तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून तुम्हाला येता आलं नाही, आणि ते तुम्ही मनाला लावून घेतलंय, असं वहिनींनी कळवलं होतं. लावून घेऊ नका. आठ दिवसांचा ताप. मी आठही दिवस दवाखान्यातच होतो, माझ्यानं तरी काय झालं?

पत्राचं कारण वेगळं आहे. तायडीची दोन कासवं तुम्हाला आठवत असतील. सहावीत असताना आणली तेव्हा नाण्याएवढी होती. आता मोठं ताटलीएवढं झालंय. त्याला ती हेडमास्तर म्हणायची आणि लहानाला शिपाई. मागच्या वर्षी हेडमास्तरांनी टाकीत चार अंडी घातली, तेव्हा मी म्हटलं, आता नाव बदल. तर म्हणाली, "बाबा, हुद्दा तोच राहतो." तेव्हापासून हेडमास्तरच.

दोघंही अजून तिच्या खोलीत, काचेच्या टाकीत आहेत. खोलीचा पडदा ओढलेला असतो. तुमची बहीण दिवसातून दोनदा आत जाते, दाणे टाकते, पाणी बदलते, बाहेर येऊन दार ओढून घेते. तिला तिथे दुसरं कोणी नको असतं, म्हणून मी जात नाही.

परवा तिनं जनावरांच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. ते आत गेले, मी बाहेर उभा राहिलो. जाताना त्यांनी मला सांगितलं, की कवचं मऊ पडायला लागलीत. यांना ऊन पाहिजे. पाण्यातून वर येऊन अंग कोरडं करायला उन्हात जागा पाहिजे. खोलीत ठेवलीत तर दोन-तीन महिन्यांवर काढणार नाहीत.

मी विचार केला. कासवं गेली तर ती त्या खोलीत कशाला जाईल? आणि दिवसातून दोनदा जाण्यासारखं काही उरलं नाही, तर ती काय करील? याच्या पुढचा विचार मला येत नाही. रोज सकाळी देवापुढे बसतो, हात जोडतो. मागायला काही सुचत नाही, उठतो.

घरामागे अंगण आहे. तिथे हौद करावा म्हणतो. तुमची पस्तीस वर्षं पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेली. मी हातात सुई-दोऱ्याखेरीज काही धरलेलं नाही. गावच्या शाळेत असताना आम्ही पोरांनी एकदा वर्गाची भिंत लिंपली होती, तेवढाच अनुभव. अगदी पहिल्यापासून सांगा.

आपला,
भाऊजी

१७ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

माणसांसाठी टाक्या बांधल्या, गुरांसाठी हौद बांधले. कासवाचं काम पहिलंच. गिऱ्हाईक घाई करणारं नाही, एवढं बरं आहे.

पाय आता काठीवर चालतो. परांचीवरून पडलो तेव्हा मुकादम म्हणाला, मिस्त्री, तुम्ही टाकी रिकामी असताना पडलात म्हणून वाचलात, भरलेली असती तर बुडाला असता. मी म्हटलं, भरलेली असती तर पायच मोडला नसता. असो. प्रवास अजून दोन महिने नाही म्हणतात. नाहीतर मीच आलो असतो आणि तुम्हाला नुसती घमेली उचलायला लावली असती.

आता नीट वाचा. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, खोली सव्वादोन फूट. एका टोकाला वीतभर खोलीची पायरी ठेवा. जागा अशी निवडा की अर्ध्यावर ऊन आणि अर्ध्यावर सावली. सगळ्यावर ऊन आलं तर दुपारी रस्सा होईल. तुमची वहिनी म्हणते, असं लिहू नका. पण खरं आहे.

खणलेली माती धुमसून घट्ट करा. खाली विटांचे तुकडे, त्यावर काँक्रीट. भिंती विटांच्या, आणि जमिनीच्या वर दीड फूट आणा. वरच्या थराची फरशी चार बोटं आत झुकती ठेवा, म्हणजे चढून आलेलं कासव तिथे अडेल. भिंतीचा पाया एक फूट खाली गेला पाहिजे, कारण ही मंडळी खणतात असं वहिनीनं कुठेतरी वाचलंय. वरून जाळीची चौकट करा, उघडता येईल अशी. मांजरं आणि कावळे तुमच्याकडेही असणारच. तळाला पाणी सोडायचा पाइप, त्याच्या तोंडाला जाळी.

उन्हाचा दगड मधोमध, विटांच्या खांबावर, पाण्याच्या वर चार बोटं. त्यावर चढायला पाण्यातून उतार.

आणि आता मुख्य गोष्ट. आतून घोटाई. प्लास्टर ओलं असतानाच सिमेंट पाण्यात कालवून लेप द्या आणि थापीनं घोटा. घोटून घोटून आरसा झाला पाहिजे. बोट फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. माझ्या टाकीची ओळख तीच आहे. उतारही सोडू नका.

एवढं झालं की पाणी भरा, चार दिवस ठेवा, सोडून द्या. असं पाच वेळा. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. पहिल्या पाण्यात सोडलीत तर डोळे जातील बिचाऱ्यांचे.

सोबत आकृती काढली आहे. हात थरथरतो, रेघा सरळ समजा.

दादा

१ मार्च

ती. दादांना नमस्कार.

आकृती पुठ्ठ्यावर चिकटवून स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगली आहे. पत्रही तिथेच अडकवलंय. दिवसातून चार वेळा वाचतो.

खणून झालं. रोज ग्रंथालयातून आल्यावर दीड तास आणि रविवारी पूर्ण दिवस. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले, सुई धरता येईना. वरिष्ठांनी विचारलं, घरी काय करता? म्हटलं, कासवांसाठी हौद. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. हल्ली मला कोणी पुढचं विचारत नाही.

विटांचं काम तुमच्या मापानं केलं. ओळंबा लावून बघितला, एका कोपऱ्यात अर्ध्या बोटाचा फरक आहे. तो ठेवला. येत्या रविवारी प्लास्टर आणि घोटाई.

दगड मी दोन केले आहेत. तायडी सांगायची, हे दोघं एका दगडावर बसत नाहीत. हेडमास्तर शिपायाला मागच्या पायानं ढकलून देतात. म्हणून मधोमध एक न करता दोन केले, दोघांना वेगळे उतार.

एका टोकाला वाळूचा वाफाही ठेवला आहे, अंड्यांसाठी.

तुमच्या बहिणीला मात्र हे आवडलेलं दिसत नाही. ती चहा आणून भिंतीवर ठेवते आणि आत जाते. खिडकीतून बघत असते, मी बघितलं की बाजूला होते. मापासाठी विचारलं, हेडमास्तर केवढे झालेत? तिनं हातानं दाखवलं. शिपाई? तर म्हणाली, "तेवढाच आहे," आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती. कासवं खोलीतून निघाली की तिचं सगळंच गेलं, असं तिला वाटत असणार. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेलं मी ऐकलंय, त्याला काय करू?

जेवतो. झोपतोही. खणलं की झोप लागते.

आपला,
भाऊजी

६ मार्च

प्रिय दादा,

हे ग्रंथालयात गेलेत म्हणून आत्ता लिहिते. भिंतीवर टांगलेलं तुझं पत्र मी वाचलं. टांगलेलं पत्र वाचायला विचारावं लागत नाही.

तुला एक सांगायचंय आणि ते यांना सांगायचं नाही.

शिपाई गेला. वीस तारखेला सकाळी दाणे टाकायला गेले तर पाण्यावर उलटा. मी त्याला तायडीच्या रुमालात गुंडाळलं आणि पुढच्या दाराजवळच्या मोठ्या कुंडीत पुरलं. संध्याकाळी, हे मागे खणत होते तेव्हा. कुदळीचा आवाज येत होता. त्या आवाजावर मी कुंडीची माती उकरली.

आणि हे दोन दगड करतायत.

सांगणार होते, त्याच दिवशी. पण जेवताना यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मग नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तेव्हाही मागितला. आता चौदा दिवस झाले.

यांनी तुला लिहिलंच असेल, की मी कोणाला खोलीत येऊ देत नाही. मी कधी अडवलं रे? दवाखान्यातून आलो त्या दिवशी यांनीच आत जाऊन पडदा ओढला, दार लावलं, आणि त्यानंतर आत पाऊल टाकलं नाही. मी समजले, की यांना ती खोली उजेडात बघवणार नाही. म्हणून पडदा तसाच ठेवला. टाकीवर दिवा होता, त्याच्याखाली कासवं अंग शेकत बसायची. तो लावला की दाराखालून उजेडाची पट्टी बाहेर यायची आणि हे जेवता जेवता त्या पट्टीकडे बघत बसायचे. घास हातातच. मग मी दिवाही लावेनाशी झाले. पाच महिने.

डॉक्टर आत आले, म्हणाले, अहो, इथे उजेड का नाही? मी त्यांना काय सांगू?

शिपाई त्यानं गेला, दादा. यांच्यासाठी मी अंधार केला आणि तायडीनं जपलेला जीव त्यात गेला. मला रडू येत नाही. हल्ली कशानंच येत नाही, पण याचं यायला हवं होतं.

आणखी एक. तू यांना घोटाई सांगितलीस. पाण्याच्या टाकीला ठीक आहे. पण कासव नखांनी चढतं. आरशासारख्या उतारावर ते घसरत राहील, दमेल आणि बुडेल. कासवही बुडतं, हे मला तायडीनं सांगितलं होतं, मला हसू आलं होतं तेव्हा. हेडमास्तरांचा मागचा डावा पाय महिनाभर ओढतोय, त्यांना तर अजिबातच जमणार नाही. हे तू तुझं म्हणून कळव. मी सांगितलं म्हणू नको.

तुझी,
चिमी

१२ मार्च

चिमे,

शिपायाचं मी बोलणार नाही. तू सांगशील तेव्हा सांग.

पण मी गवंडी आहे. भेग दिसली की वरून चुना मारून देत नाही, आधी ती रुंद करावी लागते. हौद तयार व्हायला अजून महिना आहे. तोवर हेडमास्तर अंधारात काढणार काय? आजच पडदा उघड. दिवा लाव. भाऊजी पट्टीकडे बघत बसले तर बसू देत. घास हातात राहिला तर राहू दे, त्या घासानं काही होत नाही.

तू अंधार केलास असं लिहिलंस. पुन्हा लिहू नको. मला आजकाल ऐकू येत नाही, पण वाचता येतं.

दादा

१२ मार्च

भाऊजी, नमस्कार.

तुमच्या अर्ध्या बोटाच्या फरकाला माझी परवानगी. माझ्या पहिल्या टाकीत दोन बोटांचा होता, आणि ती अजून उभी आहे.

पण माझी एक मोठी चूक झाली. घोटाई. आयुष्यभर आत पाणी राहावं म्हणून टाक्या बांधल्या, आतून कोणी वर येणार हे डोक्यातच नव्हतं. कासवाला नख रोवायला जागा पाहिजे. आरसा केलात तर आपण त्यांच्यासाठी सापळा बांधला असं होईल. प्लास्टर झालं असेल तर दोन्ही उतार आणि पायरी छिन्नीनं टोचून काढा, खडबडीत करा. आणि हेडमास्तरांच्या उताराला डाव्या बाजूनं बोटभर उंच कड ठेवा. मागच्या डाव्या पायात जोर नसला तर त्या कडेला टेकून वर येता येईल.

बाकी चुन्याचं पाणी पाच वेळा. चार नाही, पाच.

दादा

२३ मार्च

ती. दादांना नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी आलं. घोटाई झाली होती. अगदी आरसा. माझं स्वतःचं तोंड त्यात बघितलं होतं. सुकू नये म्हणून ओलं पोतं टाकून ठेवलं होतं, ते काढलं आणि छिन्नी घेतली.

दोन-तीनशे टोचे मारल्यावर थांबलो. हेडमास्तरांचा मागचा डावा पाय ओढतो हे तुम्हाला कसं कळलं? मला माहीत नव्हतं. माझ्याच घरात, भिंतीपलीकडे, आणि मला माहीत नव्हतं. तुम्हाला पत्रानं कळलं, तर पत्र कोणी लिहिलं हे विचारण्याइतका मी बावळट नाही. राग आला नाही. काहीच आलं नाही, पण छिन्नी खाली ठेवली.

गेले तीन दिवस दाराखालून पुन्हा उजेड येत होता. मी बघत होतो.

आत गेलो. ती गहू निवडत होती.

म्हटलं, "हेडमास्तरांच्या पायाला काय झालंय?"

ती म्हणाली, "कोणी सांगितलं?"

"दादांनी."

"दादाच्या पोटात काही राहत नाही." मग सूप बाजूला ठेवलं. "आत येऊन बघा."

"तुला चालेल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मी कधी नको म्हटलं?"

दादा, मी सहा महिन्यांनी आत गेलो. पडदा उघडा होता. मी इतके दिवस त्या खोलीचा विचार केला तो अंधाऱ्या खोलीचा केला, आणि तिथे संध्याकाळचं ऊन कॉटवर पडलेलं होतं. हेडमास्तर दिव्याखाली मान लांब करून बसले होते. मला बघून पाण्यात गेले. खरंच डावा पाय ओढतात.

मी दुसरीकडे बघत होतो, टाकीच्या कोपऱ्यांत. तिनं ओळखलं.

"शिपाई नाही," ती म्हणाली. "वीस तारखेला गेला."

"गेल्या महिन्याच्या?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही भात मागत होतात."

मला त्याचा अर्थ लागला नाही. नंतर लागला. मग मी विचारलं, "पडदा कधी उघडलास?" म्हणाली, तीन दिवस झाले. म्हटलं, इतके दिवस का नाही? ती म्हणाली, "तुम्ही ओढला होता."

मी तो तिच्यासाठी ओढला होता. आम्ही घरी आलो तेव्हा तायडीचं दप्तर, चप्पल, सगळं उन्हात स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, हिनं हे एवढं स्पष्ट बघू नये. तिला तसं सांगितलं. ती कॉटवर बसली. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की दोन माणसं एकमेकांना इतकी जपत होती आणि मधल्या मधे एक जीव गेला.

मग ती म्हणाली, "चहा टाकते." मी परत छिन्नी घेतली.

पहिलं पाणी काल भरलं. बोट बुडवून जिभेला लावलं, चुन्याची चव येते. दुसरा दगड काढावा का असं मनात आलं, पण त्यासाठी खांब फोडावा लागेल आणि तळाला भेग जाईल. ठेवला.

रोज सकाळी हेडमास्तरांना घमेल्यात घालून तासभर अंगणात ठेवतो. ती एका बाजूला बसते, मी दुसऱ्या. कावळ्यांना हाकलायला दोघं लागतात असं काही नाही.

आपला,
भाऊजी

२१ एप्रिल

ती. दादांना नमस्कार.

पाच पाणी झाली. सहावंही मी केलं, मनाची खात्री म्हणून. डॉक्टर येऊन बघून गेले. जाळीची कडी मांजराला उघडता येणार नाही अशी आहे ना, एवढंच त्यांनी तपासलं. उतारावर स्वतःचं नख घासून बघितलं आणि म्हणाले, कोणी केलं? म्हटलं, मीच, पण एका मिस्त्रींनी पत्रानं शिकवलं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी हेडमास्तरांना सोडलं. तुमच्या बहिणीनं दोन्ही हातांनी धरून पायरीवर ठेवलं. ते तिथे घटकाभर बसले, मग सरळ तळाला गेले. शुक्रवारी वर नाही. शनिवारी नाही. श्वासासाठी नाकपुड्या तेवढ्या वर यायच्या आणि पुन्हा खाली. दाणे तरंगत राहायचे. मी उताराकडे बघत बसायचो. टोचे कमी पडले असतील, कड चुकली असेल, चुना राहिला असेल. पाणी जिभेला लावून बघायचो. ती म्हणाली, पोट बिघडेल.

खोलीतली टाकी रिकामी करून धुऊन ठेवली आहे. शनिवारी संध्याकाळी ती सवयीनं दाण्यांचा डबा घेऊन आत गेली. बाहेर आली नाही. मला ज्याची भीती होती ती हीच वेळ. आत गेलो, तर ती डबा मांडीवर घेऊन कॉटवर बसली होती. तिच्याजवळ बसलो. कॉटवरून खिडकीतून हौद पूर्ण दिसतो, हे मला माहीत नव्हतं. मी खणायला जागा निवडली ती उन्हासाठी.

"तो वर आला नाही तर?" तिनं विचारलं. तिनं इतक्या दिवसांत हेडमास्तरांना "तो" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

म्हटलं, "माहीत नाही."

"तुम्हाला रडू येतं का हो?"

"नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. उद्याही बसू असं काही ठरलं नव्हतं, पण रविवारी पुन्हा बसलो. दाण्यांचा डबा घेऊन.

आज सोमवार. अकराच्या सुमाराला मी ग्रंथालयात निघालो होतो, पायात वहाणा घातल्या होत्या. तिनं खोलीतून हाक मारली. मोठ्यानं नाही. मी गेलो. ती खिडकीशी उभी होती. हेडमास्तर उताराच्या मध्यापर्यंत आले होते. डाव्या कडेला टेकून थांबायचे, पुढचे पाय रोवायचे, बोटभर वर यायचे. दोनदा घसरले. तिसऱ्यांदा दगडावर आले आणि मान लांब केली.

तुम्हाला माहीत नसेल, उन्हात बसलेल्या कासवाला कुठे काही हललेलं दिसलं की ते धपकन पाण्यात जातं. पुन्हा यायला दिवस घेतं. पाठीवरचं पाणी सुकायला लागलं होतं, कडेनं आधी, मग मधे.

ती ओठ न हलवता म्हणाली, "हलू नका."

आम्ही हललो नाही.

आपला,
भाऊजी